बिबीजानचा बकलावा

कुवेतहून सहा वर्षांनी बिबीजान शिरूरला परत आली, तेव्हा तिची पोटची पोर तिला ‘खाला’, म्हणजे मावशी, म्हणाली.

पोरीचा तरी काय दोष? ट्रकवर असणारा बाप नगर रोडला अपघातात गेला, तेव्हा शायना जेमतेम पाच वर्षांची. तिला दौंडला आपल्या धाकट्या बहिणीकडे, फरहतकडे ठेवून बिबीजान एका लेबनानी कुटुंबात स्वयंपाकाला गेली. फरहतला मूलबाळ नव्हतं. तिनं पोरीला जीव लावला, आणि पोर तिलाच अम्मी म्हणू लागली. दोन हजार दोन सालच्या दिवाळीच्या सुट्टीत बिबीजाननं शायनाला शिरूरला आणलं. शाळाही इथंच बदलायची, असं तिच्या मनात होतं. पण पोरीनं कपड्यांची पिशवीसुद्धा उघडली नाही. पाहुण्यासारखी कोपऱ्यात बसायची.

रमजान चालू होता. परक्यांच्या पोरांसाठी बिबीजाननं दर ईदला बकलावा, पातळ पाऱ्यांत सुकामेवा भरून पाकात मुरवलेली तिकडची मिठाई, केला होता. यंदा आपल्या पोरीसाठी करायचा, असं तिनं मनावर घेतलं. कवठे येमाईहून बाजाराला येणाऱ्या म्हाळसाबाईचं लोणी घेऊन तूप कढवलं. अक्रोड-पिस्ते परवडणारे नव्हते, म्हणून शेंगदाणे भरडले, थोडे काजू घातले. जालिंदर सुताराकडून काठीसारखं लांब, बारीक लाटणं करून घेतलं.

“भाभी, ह्यानं पोळ्या लाटायच्या का पोरं बडवायची?” जालिंदर म्हणाला.

घरी ओव्हन नव्हता. बाजारपेठेत अजीमचाचांची बेकरी होती. दुपारी पाव निघाले की भट्टी मोकळी असायची.

“आन की ताट,” चाचा म्हणाले. “भट्टी काय पळून चाललीय व्हय?”

पण पावाची आच बकलाव्याला सोसली नाही. ताट खालून करपलं. बिबीजान ते घेऊन घरी आली आणि उंबऱ्यातच बसली. दिवसभराचा रोजा, त्यात हे. शायना आतून आली, ताटात वाकून पाहिलं आणि फिसकन हसली.

“खाला, ह्ये कोळसं कुनाला देनार?”

बिबीजानलाही हसू फुटलं.

दुसऱ्या दिवशी शायना न बोलावता शेजारी येऊन बसली. मैद्याच्या छोट्या पाऱ्या एकीवर एक ठेवायच्या, मध्ये कॉर्नफ्लॉवर भुरभुरायचं आणि सगळी चवड एकदम लाटायची, पारीतून खालचा ओटा दिसेपर्यंत.

“हळू, फाटंल,” बिबीजान म्हणायची.

“मला येतंय,” पोर म्हणायची.

या खेपेला चाचांनी ताट विटांवर, भट्टीच्या तोंडाशी ठेवलं. छान बदामी रंग आला. गरम बकलाव्यावर गार पाक शायनानंच ओतला. रोजा सोडल्यावर तिनं एक तुकडा खाल्ला, बोटं चाटली आणि म्हणाली, “अम्मीला नेऊ या.”

बिबीजाननं हातातला तुकडा ताटात ठेवला. पाणी पिऊन ती म्हणाली, “नेऊ.”

ईदच्या दुसऱ्या दिवशी दोघी एस.टी.नं दौंडला गेल्या. दारात फरहत दिसताच शायना तिला बिलगली. मग जी बोलत सुटली, तेवढी महिन्याभरात शिरूरला बोलली नव्हती. फरहत बकलावा खात होती, वाखाणत होती, पण तिचं सगळं लक्ष पोरीकडे होतं. मध्येच ती उठून चुलीपाशी गेली आणि पदरानं डोळे पुसून आली. बिबीजाननं ते पाहिलं.

निघायच्या आधी ती म्हणाली, “फरहत, हिची शाळा हितंच राहू दे. सुट्टीला मी नेत जाईन.”

“आपा, तू तर तिच्यासाठी परत आलीस!”

“तिच्यासाठीच म्हनतेय.”

परतीच्या गाडीत मात्र एकटी बिबीजान वाटेतल्या न्हावऱ्यापर्यंत रडत होती.

पुढं अजीमचाचांनी तिला बेकरीत कामाला घेतलं. नानकटाई करता करता तिच्या बकलाव्याला ईदला, दिवाळीला गिऱ्हाईक लागलं. शायना प्रत्येक सुट्टीत यायची, लाटायला बसायची. कधीतरी ‘खाला’चं ‘माँ’ झालं. नेमकं कधी, ते दोघींनाही सांगता येत नाही. दहावी झाल्यावर ती आपणहून शिरूरला कॉलेजला आली.

त्या ईदला ऑर्डरी इतक्या आल्या, की फरहतला दौंडहून मदतीला बोलवावं लागलं. तिची पारी भाकरीएवढी जाड व्हायची.

शेवटी शायनानंच तिच्या हातातून लाटणं काढून घेतलं. “अम्मी, तू नुसता पाक हलव.”