खळ्यात म्हणायचा शब्द

नातसुनेनं बाळासाठी रागी, म्हणजे आपली नाचणी, भाजायला घेतली आणि त्या खरपूस वासानं मला याच मारतहळ्ळीच्या खळ्यात नेऊन बसवलं.

तेव्हा हे खेडं होतं आणि इथं आमचं शेत होतं. मी लग्न होऊन नुकतीच शहरातल्या चिकपेटहून आले होते. दिवसभर रागी उफणून अंग खाजत होतं, डोळे चुरचुरत होते. शेवटचं सूप खाली ठेवत मी म्हणाले, "संपलं एकदाचं!"

सासूबाई, आमच्या अक्का, दचकल्या. "खळ्यात संपलं म्हणू नये गं. वाढलं म्हणायचं."

सासरे मळणीच्या दगडी रुळावर टेकले होते. वसाहतीसाठी जमीन गेली होती, पुढची पेरणी नव्हती. बैलाच्या मानेवरून हात फिरवत ते हळूच म्हणाले, "सरी, बरं. मग शेतही वाढलं म्हणा."

मला तर तेव्हा फक्त आंघोळ करून झोपायचं होतं.

आज नातवानं बाल्कनीतून हाक मारली. "अज्जी, बघ ना, मारतहळ्ळी केवढी वाढली!"

खाली गाड्यांची रांग जागची हलत नव्हती.

"हो रे बाळा," मी म्हटलं, "वाढली."