तिसऱ्या मुलीचा खटला

कुणी ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला छोटी निवडणूक म्हटलं की माझं डोकं फिरतं. छोटी म्हणे! त्या छोट्या निवडणुकीपायी आमच्या मळवलीकडच्या गावात एका बापानं पोटची पोर नाकारली, आणि अख्ख्या गावानं ते उभं राहून ऐकलं.

त्या निवडणुकीत मी उभी होते. दिवसभर मुंबईकरांच्या बंगल्यांची देखभाल करायची आणि संध्याकाळी दारोदार मतं मागायची. थोडक्यात पडले. पडण्याचं दुःख होतंच, पण राग वेगळ्याच गोष्टीचा होता. निवडून आलेल्या माणसाला तीन मुलं, आणि आपल्या राज्यात दोनापेक्षा जास्त मुलं झाली तर पंचायतीला उभं राहता येत नाही. त्यानं अर्जात दोनच दाखवली. धाकटी मुलगी सात वर्षांची, ती शेजारच्या घरात राहणाऱ्या भावाची म्हणून सांगितली, कारण भावाला मूल नव्हतं. त्या मुलीच्या बारशाच्या घुगऱ्या सगळ्या गावानं खाल्ल्या होत्या. पण अर्जांच्या छाननीच्या दिवशी जो तो मिठाची गुळणी धरून बसला. मी हरकत घेतली, तर निवडणुकीचे साहेब म्हणाले, पुरावा आणा, नाहीतर निकालानंतर कोर्टात जा.

गेले मग. तालुक्याच्या कोर्टात अर्ज टाकला.

चारच दिवसांत गावातली जाणती मंडळी दारात हजर. त्यांतले सगळ्यात वयस्कर आबा म्हणाले, "पोरी, कोर्टाची पायरी कशापायी चढती? खंडोबाच्या देवळात त्याला बेलभंडारा उचलू दे. खरंखोटं हितंच व्हईल."

"आबा, आमी बौद्ध," मी म्हणाले. "तुमच्या बेलभंडाऱ्यानं माझा निकाल व्हायचा न्हाई. जे व्हईल ते संविधानानं."

मागं उभा असलेला एकजण हसला. "तुझं संविधान यीस्तवर म्हातारी व्हशील!"

त्या हसण्याची आग अजून विझलेली नाही. आज तर जास्तच भडकते, कारण तो फारसा चुकला नाही.

मी नको म्हणाले तरी देवळात लोक जमलेच. मी बाहेर कट्ट्यापाशी उभी होते. निवडून आलेला तो आला तेव्हा ती धाकटी मुलगी त्याचं बोट धरून चालत होती. त्यानं बोट सोडवलं, भंडारा उचलला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "ही पोर माझी न्हाई. भावाची हाय."

"पप्पा?" मुलगी म्हणाली.

"काका म्हण."

तिची आई पदराचा बोळा तोंडात धरून खांबाला टेकली होती. आबा जमिनीकडे बघत राहिले. मग कुणीतरी खोबरं वाटायला घेतलं आणि गावाचा न्याय झाला. मीच खोटी ठरले, कारण मी बेलभंडाऱ्याला नाही म्हणाले होते. त्या दिवसापासून मुलीचं अंथरूण काकाच्या घरी पडायला लागलं.

कोर्टात मात्र तारखा. कधी त्याचा वकील आजारी, कधी न्यायाधीशांची बदली. रक्ताची तपासणी करा म्हटलं, तर त्यावर वरच्या कोर्टातून स्थगिती. दर तारखेला मी बंगल्यांच्या किल्ल्या जावेकडे देऊन जायची आणि पुढची तारीख घेऊन परत यायची. तो तिकडे पंचायतीत बसून नळाला कुठं तोटी बसवायची ते ठरवत होता, आणि आमच्या वस्तीपर्यंत एकही तोटी येत नव्हती.

माझी लेक पुण्यात वकिली शिकते. ती फोनवर सांगायची, आई, केनियात राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीचा वादसुद्धा दोन आठवड्यांत मिटवावा लागतो, तसं तिथल्या घटनेतच लिहिलंय. मेक्सिकोत निवडून आलेला खुर्चीत बसायच्या आत निकाल लागला पाहिजे. इंग्लंडात खासदारकीचा वाद असला तर दोन न्यायाधीश त्या मतदारसंघात येऊन कोर्ट भरवतात. हे ऐकून मला बरं वाटावं की रडू यावं? आमच्याकडे कशाला आला असता कुणी न्यायाधीश! आला असता तर त्याला लांब जायची गरज नव्हती. संध्याकाळी मुलींचा लंगडीचा खेळ मोडला की कुठली पोर कुठल्या दाराशी जाऊन थबकते, एवढं पाहिलं असतं तरी पुरे होतं.

गावाचा निकाल एका दुपारी लागला आणि खोटा लागला. कोर्टाचा लागलाच नाही. पंचायतीची पाच वर्षांची मुदत संपली आणि न्यायाधीश म्हणाले, आता या अर्जात ठरवण्यासारखं काही उरलेलं नाही. अर्ज निकाली. माझ्या वकिलानं मला हे असं समजावून सांगितलं जणू पाऊस आला म्हणून सामना रद्द झालाय. मी त्याला तिथंच विचारलं, उरलं नाही म्हणजे काय? पोर उरली नाही का? तो कागद आवरायला लागला.

घरी आले तर ओट्यावर ती मुलगी बसलेली. आता बारा वर्षांची, उंच झालेली, हातात शाळेचं दप्तर. पाच वर्षांत ती माझ्याशी कधी बोलली नव्हती, घरच्यांनी बोलू दिलं नव्हतं.

"मावशी, कोर्टात काय झालं?"

"काही न्हाई. मुदत संपली म्हनले."

"मी कुणाची, ते लिवलं का त्यांनी?"

"न्हाई लिवलं."

तिनं दप्तर मांडीवर ओढून घेतलं. मग तिचा चेहरा एकदम उजळला.

"पर मुदत संपली ना? मग आता त्यांना पप्पा म्हनलं तर चालंल ना, मावशी?"

तिचा बाप त्याच दिवशी सकाळी पुढच्या निवडणुकीचा अर्ज भरून आला होता. त्यातही मुलं दोनच. हे तिला मी सांगायचं?