खाणीत मागे राहिलेली आई

आई जर्मनीला यायला निघाली तेव्हा तिच्या हृदयाच्या धमनीत स्टेंट बसवून वर्ष झालं होतं. तिचा जो प्रवासविमा मी काढला होता त्यात जुनी दुखणी धरत नाहीत, हे मला ती विमानात बसल्यावर कळलं. तेव्हापासून मी तिच्या प्रत्येक पावलावर लक्ष ठेवून होते. इंगोलश्टाटच्या आमच्या घराला लिफ्ट नाही. ती जिना चढायला लागली की मी तिच्या मागून चढायची, पडलीच तर झेलायला. नवरा हसायचा. "अगं, त्या तुझ्याहून ठणठणीत आहेत," म्हणायचा. ते खरं होतं, पण मी तिच्या मागून चढणं सोडलं नाही.

मी तिला तळी दाखवली, राजवाडे दाखवले. ती सगळीकडे "छान आहे" म्हणायची आणि बसायला बाक शोधायची. मग एका सकाळी चहा पिता पिता तिने विचारलं, "इथे खाणी नाहीत का गं?"

बाबा चंद्रपूरकडच्या कोळसा खाणीत होते. उभी नोकरी जमिनीखाली काढली त्यांनी. आम्ही खाणीच्या कॉलनीतच वाढलो. भोंगा वाजला की पाळी सुटली, आणि भोंगा अवेळी वाजला की बायका हातातलं काम टाकून फाटकाकडे पळायच्या. बाबा निवृत्त झाले, नंतर दम्याने गेले. आईने इतकी वर्षं फाटकापर्यंत ये-जा केली, पण फाटकाच्या आत ती कधी गेली नव्हती. बायकांना खाली नेतच नसत.

चेक सीमेकडच्या डोंगरात कथिलाची एक जुनी खाण बघायला मिळते आणि तिच्या शेजारी कामगारांचं ओसाड गाव आहे, असं इंटरनेटवर सापडलं. शनिवारी जायचं ठरलं. ऐनवेळी मुलीला ताप आला, नवरा तिच्याजवळ थांबला आणि गाडी मला चालवावी लागली. ऑटोबानवर, म्हणजे इथल्या महामार्गावर, मला अजूनही धडकी भरते. मागून मोठ्या गाड्या अंगावर आल्यासारख्या यायच्या आणि आई शेजारी शांतपणे शेंगा सोलत बसलेली.

गाव म्हणजे काही उरलं नव्हतं. उतारावर घरांची जोती, त्यांच्यामधून वाढलेले उंच सूचीपर्णी वृक्ष, चर्चची एकच भिंत. पाट्यांवर लिहिलेलं होतं, इथे बेकरी होती, इथे शाळा होती. धुकं इतकं खाली उतरलं होतं की पाटीजवळ गेल्याशिवाय अक्षरं दिसत नव्हती. कथिल संपलं आणि माणसं निघून गेली, बस्स. मी आईला वाचून दाखवत होते. ती एका जोत्यावर पाय ठेवून म्हणाली, "आपल्या कॉलनीत आता असंच आहे. क्वार्टरांची दारं-खिडक्यासुद्धा नेली लोकांनी." मला ते ठाऊक नव्हतं. मी विचारलं, "तू गेली होतीस?" ती पुढच्या पाटीकडे चालू लागली.

खाणीच्या तोंडाशी एक उंच, म्हातारी, कडक बाई वाटाड्या म्हणून उभी होती. तिने सगळ्यांना दिव्याची हेल्मेटं दिली. आईच्या अंबाड्यावर हेल्मेट बसेना, तेव्हा बाईने आईचा अंबाडा स्वतःच्या हाताने सोडून वेणी घालून दिली. मी बाईला बाजूला घेऊन आईच्या हृदयाबद्दल सांगितलं. ती म्हणाली, "सपाट रस्ता आहे, चढ नाही. पण त्यांनी माझ्या नजरेसमोर राहायचं."

मी आईला म्हटलं, "नको जाऊस. आपण बाहेर कॉफी पिऊ."

"काहून? इतक्या लांब कॉफी प्यायला आणलंस का?" म्हणत ती आत शिरलीसुद्धा.

आत थंडी होती आणि छतातून पाणी टपकत होतं. वाटाडी चालता चालता गोष्टी सांगत होती आणि मी त्या आईच्या कानात मराठीत सांगत होते. खाणीत शीळ घालायची नाही, डोंगराचा राखणदार चिडतो. हा राखणदार उंच, साधूसारखी कफनी घातलेला, हातात दिवा. एखादा कामगार अंधारात चुकला, तेल संपून रडकुंडीला आला, की तो येतो आणि आपल्या दिव्यातलं तेल त्याच्या दिव्यात ओततो. ते तेल कधी संपत नाही. पण त्या माणसाने ही गोष्ट कुणालाही सांगायची नाही. सांगितली की दिवा विझलाच.

"बायकोलाही नाही?" आईने विचारलं.

मी तिचा प्रश्न जर्मनमध्ये विचारला. "गेनाऊ, अगदी बरोबर," वाटाडी म्हणाली, "बायकोला तर मुळीच नाही." सगळे हसले. आई हसली नाही.

परतताना बोगदा अरुंद होता, एकामागे एक चालावं लागत होतं. आई माझ्या मागे होती. तिच्या बुटांचा आवाज येत होता, किंवा मला तसं वाटत होतं. बाहेर धुक्यात आल्यावर वाटाडीने डोकी मोजली आणि पुन्हा मोजली. मी मागे वळले. माझ्या मागे एक जर्मन आजोबा उभे होते.

मला पुढचं सलग आठवत नाही. "तुम्ही इथेच थांबा," असं वाटाडी म्हणाली आणि मी तिच्या पुढे पळाले. आत फोन लागत नव्हता. "आई! आई गं!" माझाच आवाज भिंतींवर आपटून परत येत होता. डोळ्यांपुढे एकच चित्र, ती कुठेतरी ओल्या दगडावर आडवी, हात छातीवर. तिकडे भारतात भावाला काय सांगू, हेही डोक्यात येऊन गेलं, आणि त्याची मला लाज वाटली.

वाटाडीने माझा दंड धरला. "पळू नका. पडाल." मग ती बाजूच्या एका आखूड बोगद्याकडे वळली. तिथे लाकडी बाक होता. आमच्या दिव्यांच्या उजेडात आधी साडीचा काठ दिसला, मग बूट.

आई बाकावर ताठ बसली होती. तिचा दिवा बंद होता.

"काय झालं? छातीत दुखतंय?"

"काही नाही गं. दिवा घालवून बसले होते." उजेडाने तिने डोळे मिटून घेतले. "खाली कसं असतं विचारलं की तुझे बाबा म्हणायचे, अंधार असतो, दुसरं काय. म्हटलं, आपणच बघावं."

वाटाडी भडकली होती. इथे माणसं हरवतात, हा काय खेळ आहे का, असं बरंच बोलली. मी रडत रडत तिला आईचं म्हणणं सांगितलं.  मग तिने आईला विचारलं, "तुमचे यजमान किती वर्षं होते खाणीत?" मी विचारून सांगितलं. तिने मान हलवली.

"तूही घालव ना दिवा," आई मला म्हणाली. "एकदाच."

वाटाडीने सुस्कारा सोडला. "आल्झो, बरं. एक मिनिट." तिने स्वतःचा दिवा बंद केला. माझा हात बटणापर्यंत जाऊन थांबला. आईने तो धरला आणि बटण दाबलं.

तसा अंधार मी कधी पाहिला नव्हता. डोळे उघडे आहेत की मिटलेले, कळत नव्हतं. माझं हृदय कानात धडधडत होतं. आईचा श्वास संथ होता. तिने माझ्या मनगटावरची पकड सैल केली नाही. 

बाहेरची मंडळी वैतागली होती. कुणीतरी घड्याळ दाखवलं. मी सगळ्यांची माफी मागितली. वाटाडी आईला एवढंच म्हणाली की पुन्हा असं करू नका, आणि मग तिने आईचा हात दोन्ही हातांत धरला.

परतताना धुकं ऑटोबानपर्यंत आलं होतं. पुढचं काही दिसेना, म्हणून एका विश्रांतीच्या थांब्यावर गाडी उभी केली. आई झोपली होती, तोंड किंचित उघडं, वेणी खांद्यावर. मी सीटबेल्टच्या पट्ट्याखाली तिची छाती वर-खाली होतेय का बघत राहिले. जाड स्वेटरमुळे काही कळेना. शेवटी तिच्या नाकाखाली बोट धरलं.

"आहे मी," ती डोळे न उघडता म्हणाली. "तू गाडी नीट चालव."