दहावीच्या वर्षी बंद झालेला टीव्ही

“हिची दहावी म्हणून म्हाताऱ्याचीपण दहावी काय गं?”

समोरच्या काकू दारात उभ्या राहून मम्मीला विचारत होत्या. हसत विचारत होत्या. मी आतल्या खोलीत टेबलाशी बसले होते, दार अर्धं लोटलेलं. मम्मी म्हणाली, “एका वर्षाचा तर प्रश्न आहे ना. बाबा घेतात समजून.” मग दोघींनी आवाज खाली आणला, कारण आत अभ्यास चालू होता.

आत अभ्यास चालू नव्हता. वहीत मी तारीख घातली होती, समास आखला होता आणि ‘क्वाड्रॅटिक इक्वेशन्स’ या शीर्षकाखाली दोन रंगांच्या रेघा मारल्या होत्या. वहीखाली मोबाईल होता. पाच वाजून अकरा मिनिटं झाली होती, म्हणून मी साडेपाचला सुरुवात करणार होते. पाच-अकरा ही काही सुरुवात करायची वेळ नाही, असं मला अगदी मनापासून वाटायचं.

मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये ज्या घरात दहावी, त्या घरातला टीव्ही जूनमध्ये बंद व्हायचा. असा नियम कुणी केला नव्हता, पण पाळायचे सगळे. पप्पांनी आमचा सेट-टॉप बॉक्स काढून पिशवीत बांधला आणि माळ्यावर टाकला. त्या दिवशी त्यांनी माझ्या मोबाईलकडेही पाहिलं होतं. मम्मी म्हणाली, “अहो, होमवर्क त्याच्यावरच येतं. प्रत्येक सब्जेक्टचा ग्रुप आहे.” मी काहीच बोलले नाही. मी घरात तशीही कमीच बोलते, त्यामुळे कुणाला त्यात वेगळं काही दिसलं नाही.

टीव्ही खरं तर आजोबांचा होता. ते गिरणीतले. अर्धांगवायूनंतर त्यांचा डावा पाय नीट चालेना. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. त्यामुळे त्यांचं बाहेर जाणं म्हणजे टीव्ही. सकाळी बातम्या, दुपारी जुन्या मॅचेस, संध्याकाळी कबड्डी. खेळाडू चुकला की त्याला मालवणीत शिव्या घालायचे आणि माझ्याकडे बघून जीभ चावायचे. बॉक्स गेल्यावरही ते त्याच खुर्चीत, त्याच दिशेला तोंड करून बसत राहिले.

मी पाणी प्यायला बाहेर आले की विचारायचे, “झालो काय गो अभ्यास?”

“होतोय, आजोबा.”

मला वाटायचं, त्यांना माझ्या अभ्यासाची काळजी आहे. जुलैमधल्या एका संध्याकाळी ते पुढे म्हणाले, “झालो तर जरा टीव्ही लाव गो. आज कबड्डी आसा.”

तेव्हा मला समजलं. टीव्ही वर्षभरासाठी बंद आहे, हे मम्मीने त्यांना सांगितलं होतं, पण ते त्यांच्या लक्षात राहत नव्हतं. त्यांच्या हिशेबी अभ्यास म्हणजे गिरणीतली पाळी. पाळी संपली की माणूस मोकळा. रोज ते माझी पाळी संपायची वाट बघत होते. आणि मी आत बसून, एका अनोळखी मुलीने आपलं कपाट कसं आवरलं, याचा व्हिडिओ बघत होते.

प्रयत्न केले नाहीत असं नाही. मोबाईल किचनमध्ये पिठाच्या डब्यावर ठेवला, तर तासाभरात सहा वेळा तहान लागली. टाइमटेबल बनवलं. ते रंगवण्यात अख्खा रविवार गेला. मोबाईल लॉक करणारं अ‍ॅप शोधलं, आणि त्यातलं चांगलं कोणतं हे बघण्यात दोन तास गेले. शेवटी मैत्रीण तिच्या वहीचे फोटो पाठवायची, ते मी सकाळी शाळेला निघण्याआधी उतरवून काढायचे. घरी सगळ्यांना माझी पाठ दिसायची. वाकलेली पाठ म्हणजे अभ्यास.

दिवाळीपर्यंत आजोबांनी खुर्ची सोडली. सहा वाजताच पलंगावर आडवे व्हायचे. जेवण कमी झालं. डॉक्टर घरी येऊन म्हणाले, वय झालंय. सगळ्यांना ते पटलं. मीही मान हलवली.

एका दुपारी मम्मी बँकेत गेली आणि आजोबांवर लक्ष ठेवायला मला हॉलमध्ये बसावं लागलं. मोबाईल आत चार्जिंगला होता. मी टीपॉयवर वही उघडली. आजोबा कुशीवर वळून माझ्याकडे बघत राहिले, कबड्डी बघायचे तसे, अगदी पेनाच्या टोकाकडे. ते बघतायत म्हटल्यावर उठता येईना. सात गणितं झाली. सातवं तर मला जमलंसुद्धा. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्यांनी पानावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “बरा लिवलंस गो.”

वर्षभरात पहिल्यांदाच ‘झाला अभ्यास’ असं म्हणता आलं असतं. पण बॉक्स माळ्यावर होता. आज खरंच अभ्यास झाला, तो खाली काढा म्हणायचं, तर बाकीच्या दिवशी काय करत होते, तेही सांगावं लागलं असतं. मी वही मिटली. सात गणितं झाली हेही कुणाला सांगितलं नाही.

प्रिलिममध्ये मॅथ्समध्ये नापास झाले. ओपन हाउसहून आल्यावर मम्मीने चप्पलसुद्धा काढली नाही, तशीच सोफ्यावर बसली. पप्पा म्हणाले, “टीव्ही नाही, पाहुणे नाहीत, गणपतीला गावी गेलो नाही. अजून काय करायचं आम्ही?”

मम्मीने पायातली चप्पल काढली. मग हळू आवाजात म्हणाली, “बाबा सारखी हाक मारतात हिला. खोकतात. लक्ष कसं लागणार पोरीचं?”

तेवढ्यावर ठरलं. आजोबांना मार्चपर्यंत मरोळला काकांकडे ठेवायचं. काकांची एकच खोली, खाली दिवसभर पत्रा कापायचं काम चालतं. आजोबांना विचारलं नाही, सांगितलं. मी तेव्हा टेबलाशी होते. पाठ वाकवून.

रविवारी सकाळी काका आले. पिशवीत दोन लेंगे, सदरे, गोळ्यांचा डबा. जिने उतरवण्यासाठी आजोबांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. एका बाजूला पप्पा, दुसऱ्या बाजूला काका. खुर्ची दारापर्यंत गेली आणि आजोबांनी हात वर करून थांबवली. मला वाटलं, आता रडतील. पण त्यांनी मला जवळ बोलावलं आणि खरोखर खूश होऊन विचारलं, “आता तरी होतलो मा गो तुझो अभ्यास?”

वाक्य माझ्या डोक्यात आधी इंग्रजीत आलं, इंग्लिश मीडियममुळे नेहमी येतं तसं. ते मराठीत होईपर्यंत पप्पांनी खुर्ची पुन्हा उचलली होती. मी काहीतरी पुटपुटले. “काय?” पप्पा म्हणाले. “लवकर बोल, हात भरून येतोय.”

“आजोबांमुळे नाही,” मी म्हणाले. “मी अभ्यासाला बसतच नाही. जूनपासून नुसता मोबाईल बघतेय.”