रिकाम्या रकान्याचं कारण

सरांच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी एका लग्नपत्रिकेत 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' ही ओळ कुठे बसवावी या विवंचनेत होतो. "आप्पा ग्यात," एवढंच तो म्हणाला. फोनमध्ये मागे कुठेतरी पाण्याची मोटर चालू होती, ती ऐकत मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. सर सकाळी केळीच्या बागेत चक्कर मारून आले, ओट्यावर बसून चहा मागितला, आणि चहा बाहेर येईपर्यंत सगळं संपलं होतं… नरोत्तम सरांना जाऊन आता सात आठवडे झाले. लोक म्हणतात, सोनं झालं, कुणाला त्रास दिला नाही. मला हे ऐकवत नाही. मला वाटतं, त्यांनी मला दहा मिनिटं तरी द्यायला हवी होती. त्यांच्याकडे एका गोष्टीची माफी मागायची होती आणि ती मी वर्षभर उद्यावर ढकलत आलो.

सर तापीकाठच्या गुजर पाटलांच्या घरातले. भाऊ ऊस-केळीत रमले, हे शहाद्याला कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायला आले. मी त्यांचा विद्यार्थी. हुशार वगैरे अजिबात नव्हतो, अक्षर तेवढं बरं होतं. पुढे मी टायपिंग आणि छपाईचं लहानसं दुकान टाकलं आणि सर निवृत्त झाल्यावर रोज तिथे येऊ लागले. भिंतीला लागून एक लाकडी स्टूल होतं. त्यावर ते तिरके बसत, पिशवी मांडीवर, आणि कागद छापून हातात पडेपर्यंत उठत नसत. "सर, तुमचं पुस्तक व्हतंय, पळी जात नई," असं मी चिडवायचो. ते म्हणायचे, "दिन्या, तुन्हावर भरोसा शे, तुन्ही लाईटवर नई."

पुस्तक होतं ईशान्येकडच्या एका छोट्या राज्याचं. लोकसभेत त्या राज्याचा एकच खासदार. एवढ्या मोठ्या सभागृहात या एका माणसाने आजवर काय विचारलं, काय मागितलं, कुणी ऐकलं, त्याचा इतिहास सर वीस वर्षं लिहीत होते. सर त्या राज्यात कधी गेले नव्हते. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "म्हणीसनच पुस्तकात डोंगरना वर्णन नई." ग्रंथालयांना पत्रं लिहायची, सभागृहातल्या चर्चेच्या झेरॉक्स मागवायच्या, त्यातून त्या एका माणसाची दोन वाक्यं शोधायची. आमच्या गावात या उद्योगाला लोक काय म्हणत असतील ते सांगायला नको. घरचे म्हणायचे, पेरणी एकीकडे आणि राखण भलतीकडे.

पण त्याचं मूळ इथलंच होतं. तोरणमाळच्या पलीकडे, उतरणीवरच्या एका पाड्यावरून सायसिंग नावाचा मुलगा आमच्या वर्गात होता. फार कमी बोलायचा, पण एके दिवशी उभा राहिला आणि म्हणाला, "सर, आपल्या जिल्ह्याचा एकच खासदार. तो पाचशे माणसांत बोलला, तर ऐकू येतं का?" वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, "बघून सांगतो." ते बघायला त्यांना उरलेलं आयुष्य लागलं. सायसिंग बीए होऊन पाड्यावर परत गेला, शेती करू लागला, आणि सर दरवर्षी एकदा त्याच्याकडे जाऊन सांगत, अजून बघतोय.

सरांच्या कामात एक नेम होता. एका लांबट रजिस्टरमध्ये प्रत्येक अधिवेशनासाठी एक ओळ असे. त्या राज्याच्या खासदाराने काय विचारलं, उत्तर काय मिळालं. ज्या अधिवेशनात काहीच विचारलं नाही, तिथला रकाना ते रिकामा सोडत नसत. महिना महिना खपून कारण शोधत आणि लिहीत. सदस्य आजारी. दरड कोसळली, दिल्लीला पोचता आलं नाही. वेळ मागितली, मिळाली नाही. "माणूस गप्प बसला असं लिहून मोकळं व्हायचं नाही," वर्गात सांगायचे त्याच शुद्ध मराठीत ते मला सांगत, "एकच माणूस असतो. तो गप्प बसला तर सगळं राज्य गप्प बसतं. म्हणून कारण लागतं." एकदा चार महिने कारण सापडेना, तेव्हा मी म्हटलं, लिहा ना काहीतरी, कोण बघायला येणार आहे. त्यांनी त्या दिवशी माझ्या दुकानात चहा घेतला नाही.

त्या राज्याच्या इतिहासातून सरांनी एक धडा घेतला होता. एकट्या माणसाने दर वेळी नवं काही विचारू नये, एकच प्रश्न दर अधिवेशनाला विचारत राहावा. कधीतरी सरकारलाच लाज वाटते. म्हणून त्यांनी रजिस्टरच्या मागच्या पानांत आपल्या जिल्ह्याची वही सुरू केली. प्रश्न एकच. सायसिंगच्या पाड्याला रस्ता कधी होणार? पाड्यावरून आजारी माणसाला बांबूच्या झोळीत घालून दोन-अडीच तास वर चढवावं लागतं, तेव्हा गाडी मिळते. दर अधिवेशनाआधी सर हा प्रश्न माझ्याकडून टाईप करून घेत आणि खासदारांच्या कार्यालयात नेऊन देत. खासदार बदलले, पक्ष बदलले, सरांना त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. प्रश्न अधिवेशनाच्या बरेच दिवस आधी द्यावा लागतो, मग दिल्लीत चिठ्ठ्या टाकून कुणाचा प्रश्न यादीत लागणार ते ठरतं. कधी लागायचा, कधी नाही. एकदा लेखी उत्तर आलं, बाब राज्य सरकारशी संबंधित आहे. सरांनी ते चिकटवलं आणि पुढच्या वेळी पुन्हा तोच प्रश्न दिला.

मागच्या वर्षी जानेवारीत सर प्रश्न घेऊन आले तेव्हा दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. लगीनसराई तोंडावर होती. वरबाप, वधूबाप, मामा, सगळे काउंटरवर. स्टुलावर पत्रिकांचे गठ्ठे होते. मी म्हटलं, "सर, आज बठाले जागा नई. कागद ठी जा, सकाय करी ठेवसू." ते जरा घुटमळले. वीस वर्षांत कागद ठेवून ते कधी गेले नव्हते. मग गेले. दोन दिवसांनी सायकलवर परत आले, मी म्हटलं, संध्याकाळी पाठवतो पोराबरोबर. कागद ड्रॉवरमध्ये होता. त्यावर पत्रिकांचे नमुने आले, नमुन्यांवर आणखी नमुने… मुदत गेली तेव्हा मला आठवणसुद्धा झाली नाही.

मार्चमध्ये सायसिंगची सून गेली. बाळंतपणाला अडली होती. झोळी अर्ध्या चढावर असतानाच गेली, पोटातलं बाळही गेलं. तेवीस वर्षांची होती. सर दुकानात आले, उभ्यानेच सांगितलं, आणि मला तेव्हा ड्रॉवर आठवला. मी तो त्यांच्यासमोर उघडला. कागद निघाला. सर त्याच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "जाऊ दे. व्हई जास." आणि कागद घडी करून पिशवीत ठेवला.

प्रश्न गेला असता तरी दोन महिन्यांत रस्ता झाला नसता, हे मलाही कळतं. बायको हेच सांगते, मित्र हेच सांगतात. पण मला ते पुरत नाही. त्या बाईसाठी त्या वेळी एकच माणूस बोलणार होता, आणि त्याचं बोलणं मी पत्रिकांच्या खाली दाबून ठेवलं. त्यानंतर सरांनी पुस्तकाची पानं मला दिली, पण तो प्रश्न पुन्हा कधी टाईप करायला दिला नाही. ते हाताने लिहून नेऊन देत. मी रोज ठरवायचो, आज माफी मागू. रोज म्हणायचो, उद्या.

तेराव्यानंतर सरांच्या मुलाने रजिस्टर माझ्याकडे आणून दिलं. "भाऊ, पुस्तक तूच पुरं कर, आप्पांनी हाईच सांगेल व्हतं." मी मागची पानं उघडली. दर अधिवेशनाची ओळ तिथे होती. मागच्या वर्षीच्या अर्थसंकल्पी अधिवेशनापुढे निळ्या शाईत लिहिलं होतं, 'प्रश्न दिला नाही. कारण : लेखक आजारी.'

सर आजारी नव्हते. त्या आठवड्यात दोनदा सायकलवर माझ्या दारात आले होते. परक्या राज्याच्या एका रिकाम्या रकान्यासाठी चार महिने झुरणाऱ्या माणसाने आयुष्यभराच्या रजिस्टरमध्ये एकच खोटी नोंद केली, आणि ती माझ्यासाठी केली. मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि रडलो. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मी जगलो असतो.

परवा सायसिंग आला. त्याचेही केस पिकलेत. नवं अधिवेशन जवळ आलंय, सर नाहीत, तेव्हा प्रश्न कुणी द्यायचा, हे विचारायला तो डोंगर ओलांडून आला होता. मी त्याला सगळं सांगितलं. ड्रॉवर, पत्रिका, कागद, काहीही लपवलं नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सर मला म्हणाले, मी आजारी होतो म्हणून प्रश्न द्यायचा राहिला. सुनेचं सगळं झाल्यावर मी त्यांना बघायला गेलो होतो. डोंगरचा मध घेऊन गेलो. म्हटलं, आजारातून उठलेत, ताकद येईल."

"घेतला त्यांनी?" मी विचारलं.

"घेतला. रडत होते. मला वाटलं, आजारपणानं रडतात."

पुस्तकाच्या शेवटी मी रजिस्टरची ही मागची पानंही घेतली आहेत आणि सरांच्या त्या ओळीखाली तळटीप घातली आहे. नोंद खरी नाही, लेखक ठणठणीत होते, कागद टाईप करणाऱ्याच्या ड्रॉवरमध्ये पडून होता, असं माझ्या नावानिशी लिहिलं आहे. हा लेखही त्याचसाठी लिहिला. पुस्तक कधी छापून होईल, कोण वाचेल, रस्ता कधी होईल, यातलं मला काही माहीत नाही. खरं सांगायचं तर आशा नाही.

त्या दिवशी सायसिंगला मी म्हटलं, "तू जा, बस चुकेल. प्रश्न मी टाईप करतो आणि उद्या नेऊन देतो."

त्याने भिंतीजवळच्या स्टुलावरचे गठ्ठे उचलून खाली ठेवले, पिशवी मांडीवर घेतली आणि तिथे बसला. "करा," म्हणाला. बस गेली. कागद छापून हातात पडेपर्यंत तो उठला नाही.