सगळ्या चाचण्या पास

आमच्या भार्गवीनं सत्तेचाळिसाव्या वर्षी पीएचडीला नाव घातलं, तेव्हा मी "कर की" म्हणालो खरा, पण मनात धाकधूक होतीच. ती सोलापुरातल्या एका कॉलेजात वीसेक वर्षं रसायनशास्त्र शिकवते. ॲसिड, बर्नर यांना ती कधी भ्याली नाही, पण कॉम्प्युटरशी तिचा संबंध मुलांचे मार्क भरण्यापुरता. आणि विषय घेतला तो नेमका कॉम्प्युटरशिवाय न होणारा. चादरीचे काही रंग उन्हात लवकर विटतात, काही टिकून राहतात. रंगाच्या रेणूवर प्रकाश पडला की आत काय होतं, ते तिला गणितानं काढायचं होतं.

तिचे गाइड म्हणाले, "प्रोग्राम फुकट आहे, पण तयार मिळत नाही. लिनक्स घाला आणि सोर्सवरून स्वतः बांधून घ्या." म्हणजे कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली घालायची, मग माणसांनी लिहिलेला कोड उतरवून घ्यायचा आणि कंपायलर नावाच्या दुसऱ्या प्रोग्रामकडून तो आपल्या मशीनच्या भाषेत करून घ्यायचा. गाइडकडेच संशोधन करणाऱ्या अनिमेषनं तिला हे दोन मिनिटांत समजावलं. तिनं मान हलवली, आणि घरी येऊन मला म्हणाली, "अहो, मला एक अक्षर कळलं नाही."

उन्हाळ्याची सुट्टी लागली. जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर आला आणि आम्ही दोघं ताटं मांडीवर घेऊन जेवू लागलो. काळ्या पडद्यावर ओळी धो धो वाहायच्या आणि शेवटी एकच शब्द उरायचा: एरर. कधी एखादी लायब्ररी, म्हणजे प्रोग्रामला लागणारा तयार कोड, नाही म्हणून, कधी ती असूनही सापडत नाही म्हणून. मग ही इंटरनेटवर कुणी लिहिलेल्या आज्ञा जशाच्या तशा टाकून बघायची. अशाच एका आज्ञेनं काहीतरी भलतंच पुसून टाकलं आणि दुसऱ्या दिवशी मशीन सुरूच होईना. सगळं लिनक्स पुन्हा घालावं लागलं.

त्या दुपारी ती टेबलावर डोकं टेकून बसली होती. मी म्हणालो, "अनिमेषला बोलाव की. घालून देईल तो."

"आणि पुढच्या वेळी बिघडलं की?" ती म्हणाली. "माझं मशीन आहे, मलाच आलं पाहिजे. आता ज्या आज्ञेचा अर्थ कळत नाही, ती मी टाकणारच नाही."

तिथून तिची चाल बदलली. आधी तिनं प्रोग्राम वापरणाऱ्यांच्या फोरमवर नुसतंच लिहिलं होतं, "चालत नाही, मदत करा." त्यावर कुणीतरी तुटकपणे विचारलं होतं, "नक्की काय चालत नाही?" तेव्हा तिला ते फार लागलं होतं. आता ती शेवटच्या ओळीला धरून न बसता वर वर सरकत पहिली चूक शोधू लागली. कोणतं लिनक्स, कोणता कंपायलर, काय केलं, काय झालं, सगळं नीट मांडून तिनं पुन्हा विचारलं. त्याच दिवशी उत्तर आलं. मशीनवर एकाच लायब्ररीच्या दोन वेगवेगळ्या आवृत्त्या होत्या आणि प्रोग्राम अर्धा एकीकडे, अर्धा दुसरीकडे बघत होता. तिनं नको असलेली बाजूला केली आणि प्रोग्राम उभा राहिला!

मी बाहेर पडून पेढे घेऊन आलो, तर ही कपाळाला आठ्या घालून बसलेली. प्रोग्रामबरोबर काही चाचण्या मिळतात; ठरलेलं गणित देऊन ठरलेलं उत्तर येतं का ते बघायचं. बहुतेक जुळत होत्या, दोन-तीन नव्हत्या. फरक दशांश चिन्हानंतर कुठंतरी लांब. तिनं अनिमेषला फोन लावला.

"मॅडम, प्रोग्राम चालतोय ना? मग राहू द्या. माझ्याकडंही थोडा फरक येतो."

"अरे, प्रयोगात मुलांचं रीडिंग जुळलं नाही तर मी त्यांना राहू द्या म्हणते का?"

पेढे तसेच राहिले. मग जसं अनोळखी क्षार ओळखताना करतात, तसं तिनं एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायला सुरुवात केली. बदल करायचा, पहिल्यापासून बांधायचं, चाचण्या लावायच्या. एक बांधणी संपेपर्यंत माझा चहा, पेपर, भाजी निवडणं, सगळं व्हायचं. शेवटी दोष सापडला. सुरुवातीला कुणाच्या तरी लेखातून तिनं कंपायलरला द्यायचा एक पर्याय उचलला होता, प्रोग्राम वेगानं चालावा म्हणून. तो दिला की कंपायलर आकडेमोडीत जवळचे रस्ते काढतो. तो काढून टाकला आणि सगळ्या चाचण्या पास झाल्या.

"अहो, इकडे या!" तिचा आवाज शेजारच्या फ्लॅटपर्यंत गेला असेल. पडद्यावर ओळीनं 'पास' लिहिलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. मला त्यातलं काही कळत नव्हतं, तरी मी सगळ्या ओळी वाचल्या.

तिनं अनिमेषला कळवलं. त्यानं आपलं मशीन तपासलं, तर तोच पर्याय तिथंही. त्याच्या एका पदार्थाचं उत्तर नीट बांधलेल्या प्रोग्राममध्ये चांगलंच बदललं, आणि त्याचा पेपर तर पाठवायच्या तयारीत होता. तो टळटळीत उन्हात गाडीवर आमच्याकडं आला. पाणीसुद्धा न पिता म्हणाला, "मॅडम, वाचवलंत. एकदा माझ्याबरोबर बसून बघाल का?" दोघं संध्याकाळपर्यंत शेजारी बसले. त्याला वेगानं जमायचं, हिला चिकाटीनं. ती जोडी मला मोठी गोड वाटली.

जूनमध्ये गाइडनी नव्या मुलांसमोर बोलायला उभं केलं ते भार्गवीला. मी रजा टाकून मागच्या बाकावर बसलो होतो. जेऊरहून आलेली अपेक्षा नावाची मुलगी भीत भीत म्हणाली, "मॅडम, मी लिनक्स कधी बघितलंच न्हाय. मला जमंल का?"

"मलाही उन्हाळ्यापर्यंत ते काय असतं ठाऊक नव्हतं," भार्गवी म्हणाली. "ये इकडं. चूक आली की घाबरायचं नाही, ती वाचायची. बस, तूच टाईप कर."

अपेक्षानं पहिली आज्ञा टाकली. एरर आला. सगळा वर्ग हसला, तीही हसली, आणि मग पडद्याजवळ वाकून मोठ्यानं वाचू लागली. भार्गवी हात मागं बांधून, काही न सांगता, तिच्या शेजारी उभी होती. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिला शिकवताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. शेजारच्या मुलानं मला विचारलं, "काका, तुम्ही कोण?"

मी ताठ बसून म्हणालो, "मी मॅडमचा नवरा."