शाल, श्रीफळ आणि पाण्याची चावी

“कुणाच्या डोक्यातून निघालं हे यंत्र? कुणाच्या?” पलीकडच्या विंगमधल्या काकू केसांना शिकेकाई फासून आमच्या जिन्यात उभ्या राहून ओरडत होत्या. आवाज असा, की बिबवेवाडीतली कबुतरं उठून कायमची हडपसरला राहायला गेली असावीत. सगळ्या इमारतीचे नळ कोरडे पडले होते. आणि यंत्र कुणाच्या डोक्यातून निघालं ते सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या.

त्याआधी बावीस वर्षं यंत्र नव्हतं, माझे शेजारी काका होते. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले, एकटे, आमच्या भिंतीला भिंत लागून. महापालिकेचं पाणी पहाटे पावणेपाचला येतं. काकांचं लोखंडी दार उघडलं की मी पलंगावरून वीतभर वर उडायचो. खोटं वाटत असेल तर पलंगाला विचारा. मग त्यांचा खोकला. तो कात्रजच्या डोंगरावर आपटून परत यायचा. मग खाली जाऊन, स्वतः घडवलेल्या हातभर लांब चावीनं ते एकेका विंगच्या टाकीचा कॉक सोडायचे, मोटर लावायचे आणि शेवटी खालूनच हाळी द्यायचे, “भरलं हो!”

मला झोप प्यारी. सोसायटीच्या सभेत मी असं भाषण ठोकलं की खुर्च्यासुद्धा हलल्या. आपोआप चालू-बंद होणारं यंत्र बसवू, काकांचं वय झालंय, किती त्रास द्यायचा त्यांना? माझ्या झोपेबद्दल अवाक्षर काढलं नाही.

“मग मी काय करू?” मागच्या रांगेतून काकांनी विचारलं.

“आराम करा काका!” मी म्हणालो, आणि टाळ्याही मीच सुरू केल्या.

माणसाला घालवायची आपल्याकडे एक सभ्य रीत आहे. त्याचा सत्कार करायचा. गणपतीच्या मांडवात आम्ही काकांना शाल पांघरली, निःस्वार्थ सेवेवर मी घसा बसेपर्यंत बोललो, आणि एका हातात नारळ ठेवता ठेवता दुसऱ्या हातातली चावी काढून घेतली. फोटोत त्यांची ती मूठ अजून मिटलेलीच दिसते.

पुढेही पावणेपाचला ते दार उघडायचंच. खोकला नाही, चपला नाहीत. थोड्या वेळानं दार बंद व्हायचं. मी ते ऐकत जागा पडलेला असायचो.

आणि आता यंत्र मेलं होतं. बसवणारा फोनवर “उद्या बघतो” म्हणाला. पाणी अर्ध्या तासात जाणार होतं. चावी घेऊन मी खाली कॉकशी झोंबलो. तो जेवढा हलला त्यापेक्षा माझी कंबर जास्त हलली. वर येतो तर काकू वाटेतच.

“तुझी आई दोन वर्षं अंथरुणावर होती. रोज चादरींचा ढीग धुवायला. तेव्हा तुमची टाकी आधी भरायचे ते, आमची मागून. आम्हाला माहीत होतं, कुणी बोललं नाही. तू त्यांना घरी बसवलंस!”

आई असताना धुण्याला कधी पाणी कमी पडलं नाही. का पडलं नाही, हे मी कधी कुणाला विचारलंही नव्हतं.

काकांचं दार ठोठावलं. ते लगेच उघडलं. अंघोळ झालेली, सदरा घातलेला, पायात चपला. मागे टेबलावर इस्त्री ठेवली होती आणि तिच्याखाली आमची शाल अंथरली होती.

“काका, चला ना. पाणी जाईल. चुकलं माझं, फार चुकलं. आईच्या वेळचं मला आत्ता कळलं. चावी आणलीय.”

त्यांनी चावी घेतली. दोन्ही बाजूंनी बघितली, अंगठ्यानं गंज पुसला, आणि परत माझ्या हातात ठेवली.

“माझा सत्कार झालाय,” ते म्हणाले.